नागम्माचा पानडबा

डोळे मिटा बघू क्षणभर. आता तुम्ही काही लहान राहिला नाहीत, कॉलेजात जाता, आरशापुढं जरा जास्तच रेंगाळता, हे मला ठाऊक आहे. तरी मिटा. गोष्ट दिसायची तर एवढं करावं लागतं.

दिसतंय का? पौषातली सकाळ आहे. उदगीरच्या शिवेबाहेर तुरीच्या शेंगा वाळायला लागल्यात, वाऱ्यावर खुळखुळतात. त्या शेतांच्या मधोमध एक जुनी बारव आहे, म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायची विहीर. दगड इतके गार, की पोरं चपला काढायला तयार नाहीत. कुणी पायऱ्या मोजतंय, कुणी कोनाड्यात डोकं घालून स्वतःच्याच आवाजाला हाका मारतंय. आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर ओढणी कमरेला खोचून, हातात मोजायची टेप घेऊन एक मुलगी उभी आहे. ती शिवकन्या.

तिला टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवं होतं. पोरांच्या हाती दिलं की ती पळायची. तिनं मान वर केली तर काठावर एक तरुण उभा. उंच, सावळा, मफलर गुंडाळलेला.

"अहो, तुम्ही! उशीर झाला म्हणून असं लांब उभं राहू नका. हे धरा."

त्यानं मुकाट्यानं टोक धरलं.

"आणि सोडू नका हं. सोडलं की सगळं माप चुकतं."

"कुठवर धरू?"

"मी सोडा म्हणेन तोवर."

ती टेप उलगडत खाली उतरली... आणि खाली पोरांना कोनाड्यात एक कोरीव हत्ती सापडला. इवलासा, सोंड तुटलेला. मग काय! सगळी पोरं हत्तीभोवती. कुणी त्याचं चित्र काढलं, कुणी त्याला नाव ठेवलं, कुणी त्याच्यापुढं चिवडा ठेवला. टेप पायरीवर पडली ती पडलीच. पोरांना रांगेनं शाळेच्या गाडीत बसवून शिवकन्या टेप घ्यायला परत आली, तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं.

तो तिथंच होता. टोक हातात. शेजारी एक शेळी त्याच्या मफलरचा काठ चघळत होती आणि तो तिला नुसतं तोंडानं हुसकावत होता, कारण हात मोकळा नव्हता.

"अगंबाई! तुम्ही अजून धरलीय?"

"तुम्ही सोडा म्हणाला न्हाईत."

शिवकन्येला हसू आवरेना. हसता हसताच ती टेप गुंडाळायला लागली. एक एक पायरी चढत, टेप आखूड होत... होत... शेवटी पितळी आकड्याजवळ, त्याच्या बोटांपाशी ती पोचली. बोटं थंडीनं गारठली होती. तिनं आकडा अलगद सोडवून घेतला.

"तुम्ही आमच्या मंडळाचे नाहीत वाटतं?"

"कोणतं मंडळ? मी तर भांडी पोचवायला निघालो होतो. रुखवताची. पोरांचा गलका ऐकला म्हणून थांबलो."

"मग टेप कशाला धरली?"

"तुम्ही दिली म्हणून."

एवढंच. स्कूटरला बांधलेली पातेली खणखणवत तो निघून गेला. पण तुरीच्या रानातून तो खणखणाट बराच वेळ ऐकू येत राहिला, आणि शिवकन्या बराच वेळ उगाच तिथं उभी राहिली.

मंडळ म्हणजे कोणतं, ते सांगतो. उदगीरच्या काही मंडळींनी मिळून 'गावठेवा मंडळ' काढलं होतं. आप्पासाहेब नावाचे निवृत्त मुख्याध्यापक त्याचे अध्यक्ष. रविवारी पोरांना घेऊन जुन्या जागा बघायच्या, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मोबाइलवर उतरवून घ्यायच्या आणि वर्षातून एकदा वाचनालयाच्या सभागृहात घराघरांतल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं. शिवकन्या मूळची निलंग्याची, इथल्या वाचनालयात नोकरीला. मंडळाची सगळी धावपळ तिच्याच गळ्यात.

प्रदर्शनाला आप्पासाहेबांनी एक रीत घालून दिली होती. वस्तू घराची, पण तिच्याशेजारी उभं राहून बोलणार ते घरातलं सगळ्यांत धाकटं माणूस. "मोठी माणसं फुगवून सांगतात," आप्पासाहेब म्हणत. "लहानांना फुगवता येत नाही. आणि सांगायचं म्हणून का होईना, घरात विचारतात तरी."

पुढच्या रविवारी मंडळाच्या बैठकीला तो भांडीवाला येऊन बसला. वीरेश त्याचं नाव. चौबाऱ्याच्या चौकाजवळ गुरुपादप्पांचं तांब्यापितळेचं दुकान आहे ना, त्यांचा मुलगा.

"तुम्हाला इतिहासाची आवड आहे?" आप्पासाहेबांनी चष्म्यावरून विचारलं.

"आता लागून राहिली, सर," वीरेश म्हणाला आणि शिवकन्येनं घाईघाईनं खिडकीबाहेर पाहिलं.

त्यानं एक काम अंगावर घेतलं. प्रदर्शनाला येणारी घंगाळी, समया, तांबे, सगळी भांडी तो घासून लख्ख करून देणार. आणि खरंच, त्याच्या दुकानातून परत आलेल्या घंगाळात तोंड दिसायचं.

"बघा की," तो घंगाळ तिच्यापुढं धरून म्हणायचा, "ह्यात किती चांगलं दिसतं."

"घंगाळ?"

"घंगाळाचं न्हाई म्हणलो मी."

असं चाललं होतं. वाचनालयात पुस्तक न्यायच्या निमित्तानं तो यायचा, कोणतं हवंय ते त्याला सांगता यायचं नाही, आणि ती मुद्दाम सगळ्यांत जाडं पुस्तक त्याच्या हाती द्यायची. आठवडाभरानं तो ते परत आणायचा. "संपलं?" ती विचारायची. "सुरुवात लई चांगली हाय," तो म्हणायचा.

आता नागम्मा. शिवकन्या त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. नागम्मा म्हणजे ठसठशीत कपाळपट्टी विभूतीची, आवाज असा की गल्लीच्या टोकाचा भाजीवाला थांबायचा. त्यांची नात गोलू, तिसरीतली, घरातली सगळ्यांत धाकटी. नागम्माकडं एक पानडबा होता, त्यांच्या सासूकडून, महादेवींकडून आलेला. काळाकुट्ट, हंड्याखालच्या काजळीसारखा. झाकणावर कडेला एवढासा डाग सोडला तर त्याच्यावर उजेडाचं नाव नाही. पण तो बिदरी होता. आपल्या शेजारच्या बिदरची ही कारागिरी. जस्त आणि तांब्याच्या भांड्यावर नक्षी खोदायची, तिच्यात चांदीची तार ठोकून बसवायची, मग भांडं काळं करायचं. काळ्यावर चांदी उठून दिसते. नागम्माच्या डब्यावरची चांदीसुद्धा काताच्या हातांनी आणि चुलीच्या धुरानं काळवंडली होती, म्हणून नुसतं बघणाऱ्याला काही कळत नसे.

नागम्मांनी तो डबा कधी शेजारी हळदीकुंकवालासुद्धा दिला नव्हता. शिवकन्येनं प्रदर्शनासाठी मागितला तेव्हा त्या पान जुळवता जुळवता थांबल्या.

"आणि मी काय करू तोवर? स्टीलच्या डब्यातलं पान खाऊ? दवाखान्यात जेवल्यागत लागतंय ते."

"थोडेच दिवस, अव्वा. जसा नेते, तसा आणून देते. माझा शब्द."

"शब्द दिलीस बघ, यव्वा."

"दिला."

गोलू मध्येच म्हणाली, "बोलणार मी हाय. पण काय बोलणार ते आत्ता सांगणार न्हाई. गुपित हाय."

शिवकन्येनं तो डबा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून वाचनालयाच्या कपाटात वेगळा ठेवला. वीरेशला त्याबद्दल काही सांगितलं नाही. सांगायचं सुचलंच नाही. घासायच्या भांड्यांत तो नव्हताच ना. चूक कुठं झाली असेल तर इथं, आणि ती तिची.

दुसऱ्या दिवशी ती पोस्टात गेली असताना वीरेश भांड्यांची खेप घेऊन आला. कपाट उघडं. लुगड्याचा तुकडा उघडला. त्याला वाटलं, एवढं एक घासायचं विसरून राहिलंय...

त्याच्या पुढच्या दिवशी तो वाचनालयात आला तो चेहऱ्यावर दिवाळी घेऊन. टेबलावर लुगड्याचा तुकडा ठेवला आणि एका झटक्यात उघडला.

"बघा!"

डबा पांढुरका पडला होता. राखाडी, फिक्का, ॲल्युमिनियमच्या डब्यासारखा. वेल नाही, फुलं नाहीत. चांदी होती तिथंच होती, पण पांढऱ्यात पांढरं, दिसणार कसं?

"चिंच लावली, राख लावली, हात सोलून निघाले," तो उत्साहानं सांगत होता. "काळं सुटतच नव्हतं. पण झाकणाच्या कडेला एवढा तुकडा पांढरा दिसत होता ना, म्हटलं आतून सगळाच तसा असणार! तुम्हाला दाखवायचा म्हणून..."

शिवकन्येनं डबा उचलला आणि खिडकीपाशी नेला. तिथं तिनं तो उजेडात फिरवून फिरवून पाहिला, आणि वीरेशच्या चेहऱ्यावरची दिवाळी विझली.

"काय... झालं?"

"हा काळाच असतो," ती म्हणाली. "बिदरी आहे हा. तुमचं भांड्यांचं दुकान ना? बिदर इथून हाकेच्या अंतरावर ना?"

"आम्ही तांबं आणि पितळ विकतो..." त्याचा आवाज खोल गेला. "नवं बिदरी पाहिलंय मी. चमकतं ते. हे तर..."

"मी शब्द दिला होता त्यांना. जसा नेला तसा आणीन म्हणून. मी त्यांच्या घरात राहते हो!"

शब्द मोडला तर नुसतं घर जाणार नव्हतं. घराघरांतल्या आज्या शिवकन्येच्या तोंडाकडं बघून आपल्या पेट्या उघडत होत्या. पुन्हा कोण उघडणार? ते वीरेशलाही कळलं. तो खाली मान घालून उभा राहिला. मग म्हणाला, "उद्या सकाळची गाडी हाय बिदरची. चला."

बिदरच्या गाडीत गर्दी नव्हती. बाकावर ती खिडकीशी, तो दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये लुगड्यात गुंडाळलेला डबा. जणू तिसरा प्रवासी, दोघांवर लक्ष ठेवायला बसवलेला. बाहेर हरभऱ्याची शेतं मागं पळत होती.

"शिव्या तरी द्या," बऱ्याच वेळानं तो म्हणाला.

"मला येत नाहीत."

"मी शिकवतो. आमच्या दुकानात गिऱ्हाइकं देतात, एकेक नमुनेदार."

तिनं मान खिडकीकडं वळवली. हसू दिसू नये म्हणून.

कारागिराचं घर एका बोळात होतं. पांढऱ्या दाढीचे उस्ताद, मांडीत भांडं घेऊन तार ठोकत बसलेले. त्यांनी डबा हातात घेतला, नखानं टोकरला, नाकाशी नेला.

"इमली मारे क्या इसकू?"

"हाव," वीरेश म्हणाला. "राख भी."

"नमक-मिर्ची कायकू छोड़े मियां? सालन बन जाता था!" स्वतःच्याच कालवणाच्या विनोदावर उस्ताद खो खो हसले. मग शिवकन्येकडं बघून म्हणाले, "घबराव नक्को बेटी. चांदी सलामत है. चांदी कहां जाती?"

तेवढ्यात बाहेर अवकाळी भुरभुर सुरू झाली. पत्र्यावर बारीक टपटप. दोघं आत सरकली. उस्तादांनी डबा तापवला. एका पातेल्यात मातीचं पाणी होतं. ही माती किल्ल्यातल्या जुन्या भिंतींच्या आडोशाची, जिनं वर्षानुवर्षं ऊनपाऊस पाहिलेला नाही अशी. तिच्यात नवसागर, कल्हईवाला वापरतो तो. डबा त्या पाण्यात बुडवला, आणि मुलांनो, काय सांगू! पांढरा डबा डोळ्यांदेखत काळा होत गेला, आणि जसजसा तो काळा झाला, तसतशी त्याच्यावर वेल उमलत गेली. आधी देठ. मग पानं. मग झाकणावर एक फूल, पाकळ्या मोजता येतील इतकं स्वच्छ. इतक्या वर्षांत ते कुणी पाहिलंच नव्हतं.

"अय्या..." शिवकन्या पुढं झुकली. तोही झुकला. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"तुमच्या डोक्यात काय, पितळ भरलंय?" ती कपाळ चोळत म्हणाली.

"तुमच्या डोक्यात तर पुस्तकं. तीसुद्धा जाडी."

उस्ताद तेलाचं फडकं फिरवता फिरवता थांबले. "शादी हुई क्या तुम दोनों की?"

"नहीं!" दोघं एकदमच ओरडली.

"तो फिर इत्ता झगड़ा कायकू?" म्हणून ते पुन्हा फडकं फिरवायला लागले. बाहेर भुरभुर चालू होती, आणि आत दोघांनाही कुठं बघावं ते सुचत नव्हतं.

येतानाच्या गाडीत डबा मध्ये नव्हता. तिच्या मांडीवर होता, आणि तो बाकावर जरा अलीकडं सरकून बसला होता. सगळं किती छान चाललं होतं! आणि मग वीरेश म्हणाला,

"झालं बघा. आता कुणाला काय कळणार न्हाई. गुपचूप ठेवून द्या कपाटात."

शिवकन्येनं त्याच्याकडं पाहिलं.

"त्यांना सांगायचं नाही?"

"कशाला? होता तसा झालाय. उलट चांगला झालाय. उगाच म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला..."

"मला कळणार आहे ना, वीरेश." त्याचं नाव तिनं पहिल्यांदाच घेतलं होतं, आणि ते अशा आवाजात घेतलं होतं. "पोरांना मी दर रविवारी सांगते, जुन्या वस्तूचं जे झालं ते खरं सांगायचं. फुटली तर फुटली म्हणायचं. आणि मी स्वतः..."

डबा तिनं मांडीवरून उचलून पुन्हा मध्ये ठेवला. उदगीर येईपर्यंत तो तिथंच होता. स्टेशनवर उतरल्यावर वीरेश एवढंच म्हणाला, "डबा आज माझ्याकडं राहू द्या. तेल मुरायला पाहिजे म्हणाले उस्ताद." तिनं दिला. तिचं मन मात्र जड झालं होतं. ज्याच्याकडं बघून हसू येतं, त्याच्यावर भरवसाही ठेवता यावा, एवढंच तर तिला हवं होतं.

सकाळी ती ठरवूनच उठली. आधी अव्वांना सगळं सांगायचं, मग खोली सोडा म्हणाल्या तर सोडायची. तोंड धुऊन ती पुढच्या अंगणात आली... आणि थबकली.

ओट्यावर वीरेश बसला होता. नागम्मा समोर, डबा त्यांच्या पुढ्यात. वीरेशचे दोन्ही हात गुडघ्यांवर, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"...तर मीच घासला, अव्वा. ह्यांचा काही दोष न्हाई. ह्यांना तर ठाऊकही नव्हतं. बिदरला नेऊन परत काळा करून आणला. न सांगता ठेवून देऊ म्हणत होतो. मग रात्री जेवण जाईना."

शिवकन्या खांबाला धरून उभी राहिली. नागम्मांनी डबा उचलून उजेडात धरला. वेल पाहिली, फूल पाहिलं. मग उजव्या हाताचा अंगठा झाकणाच्या कडेशी नेला आणि तिथं फिरवला. पुन्हा फिरवला. काहीतरी शोधल्यासारखा.

"इथं," त्या हळूच म्हणाल्या, "सासूचा अंगठा होता."

"म्हणजे?"

"डबा उघडायला रोज इथंच दाबायचं. तिनं जलमभर दाबलं. तिच्या अंगठ्यानं झिजून झिजून एवढा तुकडा उजळ झाला होता. मग ती गेली, मी दाबायला लागले. माझा अंगठा बरोबर तिच्या अंगठ्यात बसायचा."

झाकणावरचा तो एवढासा पांढरा डाग! त्याच डागाकडं बघून तर वीरेशनं सगळा डबा घासला होता.

"आणि मी तेच..." त्यानं स्वतःच्या सोललेल्या हातांकडं पाहिलं. "हे काही उस्तादांना येणार न्हाई, अव्वा. काय करू सांगा."

दाराआडून गोलू बाहेर आली. तिचा चेहरा फुगला होता. "माझं भाषण त्याचंच होतं. अंगठ्याचं. आता काय सांगू?"

नागम्मांनी डोळ्याला पदर लावला, नाक ओढलं आणि एकदम नेहमीच्या आवाजात, गल्लीच्या टोकाचा भाजीवाला थांबेल अशा आवाजात म्हणाल्या,

"रडून काय व्हतंय? गेलेला अंगठा येत न्हाई. नवा पाडा. माझा एकटीचा काय पुरणार, मी पिकलं पान. तू रोज संध्याकाळी यायचं. डबा उघडायचा, मला पान करून द्यायचं."

"येतो, अव्वा."

"अंगठा पडायला जलम जातो, रे बाबा."

"मग जलमभर येतो," वीरेश म्हणाला. म्हणाला नागम्मांना, पण पाहिलं मात्र खांबाकडं. खांबाला धरून उभी असलेली मुलगी लालबुंद झाली आणि चहा टाकते म्हणून आत पळाली.

प्रदर्शनापर्यंतच्या संध्याकाळी मग अशा गेल्या. वीरेश यायचा, हातपाय धुऊन ओट्यावर बसायचा, डबा उघडायचा. त्याला पान करायला येत नव्हतं. चुना इतका लावायचा की नागम्मा ओरडायच्या, "जीभ भाजून मारतोस का रे!" शिवकन्या शेजारी बसून शिकवायची. "शीर काढा आधी. एवढा नाही चुना, बोटाच्या टोकावर मावेल इतकाच." एकदा त्यानं दोन पानं केली. एक नागम्मांना दिलं आणि दुसरं, कुणी बघत नाही असं पाहून, शिवकन्येपुढं सरकवलं.

"मी पान खात नाही."

"मग राहू दे. मी परत करायला शिकतो."

तिनं खाल्लं. चुना जास्तच होता. डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं पान संपवलं.

गोलूला मात्र दोघांकडं बघायला वेळ नव्हता. ती पाटीवर काहीतरी लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची.

प्रदर्शनाच्या सकाळी सभागृहात दोघंच आधी पोचली. भिंतीवर माहितीचे फलक लावायचे होते, सरळ रेषेत. शिवकन्येनं टेप काढली, आणि टोक पुढं केलं.

"हे धरा."

त्यानं धरलं. "सोडू नका म्हणणार न्हाई?"

"सांगायला हवं का?"

"त्या दिवशी बारवेवर म्हणालात," तो म्हणाला. "मी सोडा म्हणेन तोवर धरा, म्हणालात. मग टेप गुंडाळून घेतली, पण सोडा काही म्हणाला न्हाईत. तेव्हापासून... मी धरूनच हाय."

सभागृहात उदबत्तीचा वास होता. बाहेर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. शिवकन्या टेपच्या दुसऱ्या टोकाशी उभी, दोघांच्या मध्ये सगळी भिंत. ती हळूहळू टेप गुंडाळायला लागली. एक एक पाऊल. बारवेवर आली होती तशीच. पितळी आकड्यापाशी पोचली, पण या वेळी तिनं तो सोडवून घेतला नाही. बोटं तिथंच राहू दिली.

"मग धरूनच राहा," ती म्हणाली. "मी नाहीच म्हणणार सोडा."

"निलंग्याला... तुमच्या घरी कुणी सांगायचं? मी जाऊ?"

"तुम्ही नका! आईची सगळी भांडी घासून याल. अव्वा जाणार आहेत. मी काल रात्रीच त्यांच्याशी बोलले."

"काल रात्रीच?" त्याचं तोंड उघडंच राहिलं. "मग मी आज सकाळपासून आरशापुढं उभा राहून..."

"वेळ झाली, वेळ झाली!" आप्पासाहेब छत्री हलवत आत आले, आणि दोघं अशी लांब झाली की टेप खणकन खाली पडली.

माणसं येत गेली. एका टेबलावर अडकित्ता, एकावर जातं, एकावर रेडिओ. प्रत्येकाशेजारी घरातलं सगळ्यांत धाकटं माणूस नव्या कपड्यांत उभं. प्रत्येक वस्तूपुढं आप्पासाहेबांनी आपल्या सुरेख अक्षरात लिहिलेला पुठ्ठा: 'कृपया वस्तूंना हात लावू नये.' नागम्मा खुर्चीत बसल्या होत्या, लेकीच्या लग्नाला बसावं तशा. गोलूची पाळी आली. तिनं दोन वेण्या मागं टाकल्या.

"हा पानडबा बिदरचा हाय. माझी पणजी महादेवी हा रोज उघडायची. उघडून उघडून इथं तिचा अंगठा उमटला होता. मग माझी अव्वा त्याच अंगठ्यात अंगठा ठेवायची. मग भांडेदादांनी तो चिंच लावून घासला."

सभागृह हसलं. वीरेशचे कान तांब्याच्या घंगाळासारखे झाले.

"पण दादांनी खरं सांगितलं. म्हणून अव्वानं माफ केलं. आता डबा लई छान दिसतो, वेल दिसते, फूल दिसतं. पण अंगठा न्हाई. इथं आता कुणीच न्हाई." ती थांबली. "मी लई विचार केला. अव्वा म्हणते, एका माणसाला जलम लागतो."

"मग, बाळ?" आप्पासाहेबांनी मायेनं विचारलं.

गोलूनं समोरचा 'हात लावू नये'चा पुठ्ठा उचलला आणि उलटा करून टेबलाखाली ठेवून दिला. आप्पासाहेबांनी तोंड उघडलं, मग मिटलं. गोलूनं उजवा अंगठा फ्रॉकला स्वच्छ पुसला, झाकणाच्या कडेला दाबला, डबा टक्कन उघडला आणि पुन्हा लावला. मग ती टेबलामागून बाहेर आली, जमलेल्या सगळ्यांना हातानं ढकलत, दटावत तिनं डब्यावर अंगठा दाबायला त्यांची एक रांग लावली, आणि रांगेच्या सगळ्यांत पुढं, एका हातानं शिवकन्येला आणि एका हातानं वीरेशला ओढत आणून, त्या दोघांना उभं केलं.